पॉवर स्टीअरिंग बसवल्यावर ऑइल सील वारंवार फुटते आणि लिफ्ट उचलताना स्टीअरिंग जड होते: कारण व उपाय

नाशिक जिल्ह्यातल्या निफाड, दिंडोरीकडच्या द्राक्षबागांत अठरा-वीस अश्वशक्तीचा, फोर व्हील ड्राइव्हचा जुना मिनी ट्रॅक्टर अजूनही रोज कामाला असतो. दोन ओळींमध्ये आठ-नऊ फुटांचे अंतर, दोन्ही बाजूंनी झुकलेल्या काड्या, मागे ब्लोअर आणि ओळ संपली की बांधालगतच्या अरुंद पट्टीत एका दमात घ्यावे लागणारे वळण, असा हा सारा मामला असतो. गोडी छाटणीनंतर फवारण्या लागोपाठ सुरू झाल्या की संध्याकाळी चालवणाऱ्याचे खांदे भरून येतात, कारण फोर व्हील ड्राइव्हचा पुढचा ॲक्सल मुळातच वजनदार असतो आणि ओल्या मातीत त्याची चाके वळवायला खरोखरच ताकद लागते. त्यामुळे अशा ट्रॅक्टरला मागाहून पॉवर स्टीअरिंग बसवून घेणारे शेतकरी बरेच आहेत. बसवल्यानंतर महिन्या-दोन महिन्यांत उद्भवणारी आणि सील बदलूनही पुन:पुन्हा परत येणारी एक तक्रार आमच्याही ट्रॅक्टरवर आली होती. तिचा उलगडा कसा झाला ते येथे सविस्तर लिहीत आहे.

तक्रारीचे स्वरूप असे होते. तालुक्याच्या गावी एका फिटरकडून मूळची स्टीअरिंग पेटी काढून तिच्या जागी हायड्रॉलिक स्टीअरिंग युनिट आणि पुढच्या ॲक्सलवर सिलिंडर बसवून घेतला. पहिले तीन आठवडे ट्रॅक्टर एका बोटाने वळत होता. त्यानंतर एके दिवशी स्टीअरिंगच्या दांड्याच्या बुडाशी ऑइलचा ओघळ दिसला आणि दोन दिवसांत पायाखालचा पत्रा निसरडा झाला. दांड्याभोवती ऑइल अडवणारे रबरी सील बदलले. पंधरा दिवसांनी तेच. पुन्हा बदलले, पुन्हा तेच. त्याच सुमारास आणखी एक गोष्ट जाणवू लागली होती. लिफ्टने, म्हणजे मागचे अवजार उचलणाऱ्या हायड्रॉलिक यंत्रणेने, रोटाव्हेटर उचलत असतानाच वळायला गेले तर स्टीअरिंग एकदम जड होई आणि लिफ्ट वर जाऊन थांबली की पुन्हा हलके होई. या दोन तक्रारी एकाच कारणाच्या आहेत हे कुणाच्याच लक्षात आले नाही. फिटरचे म्हणणे प्रत्येक वेळी एकच असायचे, “दादा, सील डुप्लिकेट निघालं असेल, या वेळी ओरिजनल टाकतो.” आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी असा तो प्रकार होता.

तिसरे सील काढल्यावर ते फेकून न देता उजेडात नीट पाहिले, आणि खरे तर तेथेच अर्धे उत्तर मिळाले. झिजलेल्या सीलची ओठासारखी कड गुळगुळीत आणि चपटी झालेली असते आणि दांड्यावरही नखाला लागेल अशी बारीक खाच पडलेली असते. आमच्या सीलची कड मात्र कोरी करकरीत होती, फक्त एका बाजूने बाहेरच्या दिशेला उलटून फाटली होती. दांडाही स्वच्छ होता. कड बाहेर उलटली याचा अर्थ आतून दाब आला. आता या सीलमागच्या पोकळीत फारसा दाब असण्याचे कारणच नसते, कारण ती पोकळी युनिटच्या रिटर्नशी, म्हणजे ऑइलच्या परतीच्या वाटेशी, जोडलेली असते आणि रिटर्न थेट टाकीत मोकळा होत असतो. निदान तसा तो असायला हवा.

येथे युनिटची रचना थोडक्यात सांगणे आवश्यक आहे. आपल्याकडे सगळेच ज्याला ऑर्बिट्रॉल म्हणतात, जे मुळात एका उत्पादनाचे व्यापारी नाव आहे, त्या युनिटला चार पोर्ट असतात. ‘पी’ म्हणजे पंपाकडून येणारे ऑइल, ‘टी’ म्हणजे टाकीकडे परत जाणारे, आणि ‘एल’ व ‘आर’ म्हणजे सिलिंडरच्या दोन टोकांना जाणाऱ्या नळ्या. मिनी ट्रॅक्टरवर बसते ते युनिट बहुधा ओपन सेंटर प्रकारचे असते. स्टीअरिंग सरळ असताना पंपाचे सारे ऑइल ‘पी’ मधून शिरून ‘टी’ मधून विनाअडथळा बाहेर पडत राहते. स्टीअरिंगचे चाक फिरवले की आतला स्पूल, म्हणजे ऑइलची वाट बदलणारा दंडगोल, थोडा वळतो, ऑइल दातेरी मीटरमधून मोजून सिलिंडरकडे जाते आणि सिलिंडरच्या दुसऱ्या बाजूचे ऑइल ‘टी’ मधून परतते. ‘टी’ पोर्टला सोसवणारा दाब, बार या एककात, मॉडेलनुसार 20 ते 40 बारच्या आसपास असतो. ‘पी’ बाजू मात्र 100 बारहून अधिक दाब सहज सोसते. सारा घोळ या फरकात आहे.

जुन्या मिनी ट्रॅक्टरमध्ये एकच गेअर पंप असतो आणि तो फक्त लिफ्टसाठी दिलेला असतो. पंपाची डिलिव्हरी नळी मागे लिफ्टच्या कंट्रोल व्हॉल्व्हपर्यंत जाते. पॉवर स्टीअरिंग बसवणाऱ्याला सर्वांत सोपा वाटणारा मार्ग म्हणजे ही नळी मध्येच तोडून एक टोक युनिटच्या ‘पी’ला आणि दुसरे ‘टी’ला जोडणे. ऑइल पंपातून स्टीअरिंगमध्ये आणि तेथून लिफ्टमध्ये जाते. स्टीअरिंगही चालते, लिफ्टही चालते, होज, म्हणजे दाबाच्या रबरी नळ्याही, कमी लागतात. रिकाम्या ट्रॅक्टरवर अंगणात पाहिले तर या जोडणीत काहीच खोट दिसत नाही. परंतु लिफ्ट जेव्हा वजन उचलते तेव्हा लिफ्टच्या व्हॉल्व्हमागे साठलेला सगळा दाब मागे सरकून थेट ‘टी’ पोर्टवर येतो आणि तेथून सीलमागच्या पोकळीत जातो. ज्या पोकळीला 20 बार जड, तिच्यावर प्रत्येक वळणाला शंभराच्या वर बार. सील तीन आठवडे टिकले याचेच आश्चर्य वाटायला हवे होते.

हा अंदाज पडताळण्यासाठी आम्ही 0 ते 250 बारचा ग्लिसरीन भरलेला दाबमापक घेतला आणि ‘टी’ पोर्टमधून निघणाऱ्या होजमध्ये तीन तोंडांचा जोड टाकून तो बसवला. कमी मर्यादेचा मापक येथे लावू नये, कारण दाब किती येणार हे आधी ठाऊक नसते आणि काटा फिरून मापकच निकामी होतो. इंजिन मिनिटाला साधारण 1500 फेऱ्यांवर ठेवले, लिफ्ट खाली, स्टीअरिंग सरळ. काटा 8 बारवर होता. मग रोटाव्हेटर उचलायला लावला. काटा थरथरत 115 पर्यंत चढला, लिफ्ट वर जाऊन कंट्रोल व्हॉल्व्ह मोकळा होईपर्यंत तेथेच राहिला आणि मग झपकन 8 वर उतरला. हे बघितल्यावर फिटरनेही सीलचे नाव सोडले. माझे मत विचाराल तर ज्याला जुन्या ट्रॅक्टरच्या हायड्रॉलिकमध्ये हात घालायचा आहे त्याने किटच्या आधी हा मापक घ्यावा. नंतर पुन:पुन्हा सुटे भाग बदलत बसण्यापेक्षा तो स्वस्त पडतो.

लिफ्ट उचलताना स्टीअरिंग जड का होत होते, याचाही हिशोब यातच लागतो. एकामागोमाग एक जोडलेल्या दोन कामांचे दाब पंपाच्या दृष्टीने बेरजेत जातात. रोटाव्हेटर उचलायला 115 बार आणि मऊ मातीत जागच्या जागी चाके वळवायला 60 बार धरले, तर पंपाला 175 बार द्यावे लागतील. मर्यादेबाहेरचा दाब टाकीत सोडून देणारा मुख्य रिलीफ व्हॉल्व्ह 150 बारलाच उघडत असेल तर उरलेले 25 बार कुठून येणार? ऑइल रिलीफमधून टाकीत पळते आणि त्या क्षणी स्टीअरिंगला ताकद उरत नाही. अशा वेळी रिलीफचा स्क्रू आवळून दाब वाढवण्याचा सल्ला हमखास मिळतो. तो मानू नये. पंपाच्या आणि लिफ्टच्या जुन्या अंगावर जास्तीचा भार पडतो, ‘टी’वरचा दाब आणखी वाढतो, आणि मूळ चूक तशीच राहते.

उपायाचे तीन मार्ग आहेत. पहिला म्हणजे चारऐवजी पाच पोर्टचे युनिट घेणे. त्यात ‘ई’ नावाचा जादा पोर्ट असतो. न वापरलेले ऑइल त्यातून पुढे लिफ्टला जाते, तो पोर्ट दाब सोसण्यासाठीच बनवलेला असतो, आणि सिलिंडरकडून परतणारे ऑइल ‘टी’ मधून स्वतंत्रपणे टाकीत जाते. नव्याने किट घेणार असाल तर दुकानात सर्वांत आधी हेच विचारावे. दुसरा मार्ग स्थिर प्रवाहाच्या प्रायॉरिटी व्हॉल्व्हचा. तो पंपानंतर लगेच बसतो, ठरावीक ऑइल आधी स्टीअरिंगला देतो आणि उरलेले लिफ्टला सोडतो. तिसरा लोड सेन्सिंग प्रायॉरिटी व्हॉल्व्हचा. यात स्टीअरिंगकडून एक बारीक संकेतनळी व्हॉल्व्हकडे येते आणि चाक फिरवले जात असेल तेव्हाच ऑइल तिकडे वळते, एरवी जवळजवळ सगळे लिफ्टला मिळते. रचना म्हणून तिसरा सर्वांत चांगला आहे, परंतु त्याला युनिटही लोड सेन्सिंगचेच लागते. साध्या युनिटवर तो व्हॉल्व्ह लावून चालत नाही.

आमच्याकडे चार पोर्टचे चांगले युनिट हातात असल्यामुळे आम्ही दुसरा मार्ग घेतला. त्याआधी पंपाचे ऑइल दोघांना पुरते का हे पाहणे भाग होते. पंप एका फेरीला 8 सीसी देणारा आहे. इंजिन सर्वांत कमी, म्हणजे 800 फेऱ्यांवर असताना आणि पंपाची कार्यक्षमता 90 टक्के धरली तर मिनिटाला सुमारे 5.8 लिटर मिळतात. स्टीअरिंग युनिट एका फेरीला 63 सीसी घेते. चालवणारा घाईत असला तरी मिनिटाला 75 फेऱ्यांच्या गतीपेक्षा जास्त वेगाने चाक फिरवत नाही, म्हणजे गरज 4.7 लिटरची. हिशोब बसतो, पण जेमतेम. पंप झिजून कार्यक्षमता 70 टक्क्यांवर आली असेल तर त्याच फेऱ्यांवर 4.5 लिटरच मिळतील आणि बांधाशी इंजिन मंद ठेवून झटकन वळताना चाक अडखळल्यासारखे लागेल. ही तक्रार असेल तर दोष जोडणीत नसून पंपात आहे असे समजावे. ऑइल गरम झाल्यावर ती वाढत असेल तर खात्रीच बाळगावी, कारण पातळ झालेले ऑइल झिजलेल्या पंपात आतल्या आत जास्त गळते.

व्हॉल्व्ह 6 लिटरचा बसवला. त्याची किंमत लिफ्टला मोजावी लागली, हे स्पष्ट सांगतो. 2000 फेऱ्यांवर पंप 14.4 लिटर देतो. त्यातले 6 गेल्यावर लिफ्टला 8.4 लिटर उरतात आणि मंद इंजिनवर तर लिफ्टच्या वाट्याला जवळपास काहीच येत नाही. रोटाव्हेटर आता पूर्वीपेक्षा सावकाश उचलला जातो आणि उचलताना थोडा ॲक्सिलरेटर द्यावा लागतो. बागेतल्या फवारणीत याने काहीच बिघडत नाही. पण दिवसभर लिफ्टवरच काम असणाऱ्याने तिसऱ्या मार्गाचा खर्च करावा.

‘टी’ची नळी मात्र कोणत्याही मार्गात स्वतंत्रच न्यावी, आणि ती नेतानाही दोन गोष्टींत चूक होते. एक तर ती ट्रान्समिशनच्या पेटीला (ऑइलची टाकी म्हणजे हीच) जेथे जोडायची तेथला निपल बऱ्याचदा अरुंद असतो. अर्ध्या इंचाचा होज आणून तो बारीक भोकाच्या बॅन्जो बोल्टवर (ऑइल आतून जाऊ देणारा पोकळ बोल्ट) संपवला तर थंडीच्या सकाळी घट्ट ऑइलमुळे ‘टी’वर पुन्हा दाब चढतो. दुसरे म्हणजे नळीचे तोंड ऑइलच्या पातळीखाली उघडले पाहिजे; वरून धार पडत राहिली तर ऑइलमध्ये हवा मिसळून फेस होतो आणि पंप गुरगुरू लागतो. सगळे जोडून झाल्यावर आम्ही तोच मापक पुन्हा ‘टी’वर लावला. रोटाव्हेटर उचलताना, वळताना, दोन्ही एकदम करताना काटा 4 बारच्या पुढे गेला नाही. चौथे सील त्या दिवशी बसवले, त्यानंतर दोन हंगाम झाले, ते अजून तेच आहे.

जोडणीनंतर हवा काढण्याचे काम घाईने उरकू नये. पुढचा ॲक्सल जॅकवर घेऊन दोन्ही चाके अधांतरी करावीत, मागची चाके ठोकळे लावून अडवावीत, इंजिन मंद ठेवावे आणि स्टीअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सावकाश आठ-दहा वेळा फिरवावे. अगदी टोकाला दाबून धरू नये. डिपस्टिकवरचे ऑइल दुधासारखे पांढुरके दिसले तर इंजिन बंद करून अर्धा तास थांबावे. फेस बसला आणि पुन्हा चालू केल्यावर परत आला, तर सक्शनच्या बाजूने हवा शिरत आहे. जुना क्लिप, तडकलेला रबरी जोड किंवा सक्शन फिल्टरची ओ-रिंग तपासावी. तेथून ऑइल बाहेर गळत नाही, हवाच आत ओढली जाते, म्हणून कोरडा दिसणारा जोडही संशयित धरावा. ऑइल भरताना जुन्याच प्रकारचे भरावे. ज्या ट्रॅक्टरचे ब्रेक ऑइलमध्ये बुडालेले असतात आणि गेअर, लिफ्ट, ब्रेक यांचे ऑइल एकच असते, तेथे साधे हायड्रॉलिक ऑइल मिसळल्यास ब्रेक ओरडू लागतात.

याच धर्तीच्या आणखी काही तक्रारी ऐकू येतात. त्यांचा निकाल लवकर लागतो. इंजिन चालू करताच चाक आपोआप गरगर फिरू लागले तर ते तत्काळ बंद करावे. ‘पी’ आणि ‘टी’ची अदलाबदल झाली आहे, किंवा युनिट उघडून परत जोडताना आतला दांडा आणि दातेरी मीटर यांच्या खुणा जुळवलेल्या नाहीत. उजवीकडे फिरवल्यावर डावीकडे वळत असेल तर फक्त ‘एल’ आणि ‘आर’चे होज बदलायचे. एका बाजूला वळायला चार फेरे आणि दुसऱ्या बाजूला तीनच लागतात, हा दोष नव्हे. 40 मिलिमीटरच्या सिलिंडरमध्ये 20 मिलिमीटरचा दांडा एकाच बाजूने असेल तर 200 मिलिमीटरच्या धावेत एका बाजूला 251 आणि दुसऱ्या बाजूला 188 सीसी ऑइल मावते, आणि 63 सीसीच्या युनिटवर त्याचे बरोबर चार आणि तीन फेरे होतात. हे खटकत असेल तर दोन्ही बाजूंनी दांडा असलेला सिलिंडर लागेल.

क्लच दाबला की स्टीअरिंग जड होते, ही तक्रार वेगळ्या जातीची आहे. पंप इंजिनवर नसून क्लचच्या मागे, गेअरपेटीत किंवा पीटीओच्या (अवजारांना शक्ती देणाऱ्या) शाफ्टवर असला की असे होते. फर्ग्युसन पद्धतीच्या लिफ्टमध्ये तर पंप आत बुडालेला असतो आणि त्याचे नियंत्रण सक्शनच्या बाजूला असते. लिफ्टने मागितल्याशिवाय तो ऑइल उपसतच नाही. अशा पंपातून स्टीअरिंगला फांदी काढण्याच्या भानगडीत पडू नये. इंजिनवरून चालणारा वेगळा छोटा पंप आणि त्याची छोटी टाकी हाच तेथे मार्ग आहे.

स्टीअरिंगचा स्वतःचा रिलीफ आम्ही 100 बारवर ठेवला आहे. एवढ्या दाबालाही 40 मिलिमीटरचा सिलिंडर एका बाजूला सुमारे 1280 किलो आणि दांड्याच्या बाजूला सुमारे 960 किलो जोर लावतो. जुन्या ट्रॅक्टरचे टाय रॉड आणि बॉल जॉइंट माणसाच्या हाताच्या ताकदीचा विचार करून बनवलेले आहेत, हे विसरू नये. किंगपिन, म्हणजे पुढचे चाक जिच्याभोवती वळते ती खीळ, जाम असेल तर पॉवर स्टीअरिंग ते झाकून टाकते आणि एक दिवस टाय रॉडचे टोक मोडते. म्हणून बसवण्याआधी ॲक्सल जॅकवर घेऊन, जोड सोडून, चाके हाताने वळतात का ते पाहावे. सिलिंडरचा ब्रॅकेट ॲक्सलच्या बिडाच्या पेटीवर वेल्डिंग करून लावू नये, यू क्लॅम्पने आवळावा. वळण संपल्यावर चाक टोकाला दाबून धरण्याची सवयही मोडावी लागते, कारण 6 लिटर ऑइल 100 बारच्या रिलीफमधून जात राहिले की 1 किलोवॉट उष्णता तयार होते. बादलीत पाणी तापवायची कॉइल टाकीत सोडल्यासारखेच ते आहे.

गळती शोधताना होजवरून हात फिरवू नये. केसाएवढ्या छिद्रातून निघालेली उच्च दाबाची धार कातडीतून आत शिरते, वर टाचणी टोचल्याएवढीच खूण दिसते आणि आत मात्र शस्त्रक्रियेची वेळ येते. अशी टोचणी झाली तर न दुखताही लगेच दवाखाना गाठावा. पुठ्ठ्याचा तुकडा होजजवळ धरून पाहावे. कोणताही जोड सैल करण्यापूर्वी इंजिन बंद आणि लिफ्ट जमिनीवर टेकलेली असावी.

रस्त्यावर नेण्यापूर्वी शेवटची एक चाचणी करावी. मोकळ्या रानात, इंजिन बंद करून चाक फिरवावे. ते खूप जड लागेल, पण पुढची चाके वळलीच पाहिजेत, कारण पंप थांबल्यावर युनिटमधला मीटरच हातपंपासारखे काम करतो. चाक नुसते फिरत राहिले आणि टायर हलले नाहीत, तर युनिटमधली ‘पी’ आणि ‘टी’ यांच्या मधली चेक व्हॉल्व्हची गोळी अडकली आहे किंवा मीटर झिजला आहे. तसा ट्रॅक्टर ट्रॉली जोडून बाजार समितीकडे काढू नये. चाकावरची मूठ रोज निराळ्या जागी येऊन थांबते, त्याची मात्र काळजी नको. चाक आणि टायर यांच्यामध्ये आता लोखंडी जोड नसून फक्त ऑइल आहे, आणि ते थोडे थोडे सरकतच असते.